पऱ्हाटीचे मोल बांधावर ठरावे

फेब्रुवारीच्या मध्यावर परभणी जिल्ह्यातल्या मानवत-पाथरीच्या भागातून संध्याकाळी जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना, दूरवरच्या रानांत, एकामागून एक जाळ दिसू लागतात. दिवसभर बायांनी चिमट्याने उपटून ढीग घातलेली पऱ्हाटी, म्हणजे वेचणी संपल्यावर रानात उरलेली कपाशीची वाळकी झाडे, दिवेलागणीला वारा पडला की पेटवली जाते. गवताचा जाळ भसकन उठतो आणि विझतो; पऱ्हाटीचा जाळ लाकडाच्या जातीचा असल्याने बराच वेळ टिकून राहतो, मधूनच न फुटलेली किडकी बोंडे तडतडतात आणि सकाळी काळ्या रानात राखेचे पांढरे गोल उरतात. आमच्या घरच्या रानातही ते गोल दरवर्षी उमटतात. जाळणारा माणूस आळशी किंवा अडाणी आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा एकरभर पऱ्हाटी उपटण्याची मजुरी आणि ती रानाबाहेर नेण्याचे भाडे यांचा हिशोब मांडून पाहावा. तिला जागच्या जागी काडी लावण्याएवढा स्वस्त मार्ग आजवर कोणी शेतकऱ्यापुढे ठेवलेला नाही.

गेली काही वर्षे पिकांच्या अवशेषांपासून इंधन, वीज, इथेनॉल, वायू आणि निरनिराळे पदार्थ बनवण्याच्या योजनांची चर्चा आहे. या योजनांचा मी विरोधक नाही. उलट मराठवाड्यासारख्या प्रदेशाला त्यांची फार गरज आहे, असे माझे मत आहे. परंतु ज्या पद्धतीने त्या आखल्या जातात, तिच्यात दोन उणिवा आहेत. सगळे अवशेष एकाच जातीचे मानले जातात, ही पहिली. दुसरी अशी, की त्यांची किंमत कारखान्याच्या फाटकावर ठरते आणि शेताच्या बांधापर्यंत ती पोहोचतच नाही. या दोन गोष्टी सुधारल्या नाहीत तर यंत्रे येतील, अनुदाने वाटली जातील, उद्घाटने होतील आणि फेब्रुवारीतले जाळ मात्र तसेच राहतील.

प्रथम अवशेषांच्या जातीविषयी. ज्वारीचा कडबा हा अवशेष नव्हेच. बीड, धाराशिव, लातूरकडे कडब्यासाठी ज्वारी पेरणारे शेतकरी आजही आहेत आणि दुष्काळी वर्षात पेंढीला जो भाव येतो तो कधी कधी धान्याची बरोबरी करतो. सोयाबीनचे भुसकट, म्हणजे आमच्याकडची गुळी, हरभऱ्याचे भुसकट आणि तुरीचा पाला यांवर पहिला हक्क गोठ्याचा आहे. जे उरेल ते उकिरड्यात किंवा धिंगरी अळिंबीच्या पिशव्यांत जावे. उसाचे पाचट हेक्टरी आठ ते दहा टन निघते आणि त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, एक टक्क्याच्या जवळपास पालाश आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. ते सरीत आच्छादून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे जिवाणू वापरून कुजवावे, अशी कृषी विभागाची शिफारस आहे आणि ज्यांनी ती पाळली त्यांच्या पाण्याच्या पाळ्या वाचल्या आहेत. उसाला पाणी आहे म्हणून पाचट कुजते. जी वस्तू आपल्या रानातच सोने होते ती गठ्ठे बांधून शंभर किलोमीटरवरच्या बॉयलरला पाठवणे हे जमिनीचे कर्ज वाढवणे आहे. मराठवाड्याच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच तुटपुंजा आहे.

पऱ्हाटी आणि तुराटी, म्हणजे तुरीची वाळलेली खोडे, यांची गोष्ट वेगळी आहे. ही दोन्ही झुडपे काष्ठवर्गीय आहेत. त्यांच्या खोडात सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज यांच्या जोडीला लिग्निन भरपूर असते, पऱ्हाटीत तर जवळजवळ पाव हिस्सा. लिग्निन हा वनस्पतीचा सिमेंट म्हणावा असा पदार्थ असून तो खोडाला उभे ठेवतो आणि जिवाणूंना दाद देत नाही. कोरडवाहू रानाला फेब्रुवारीपासून पावसाळा सुरू होईपर्यंत फारसे पाणी मिळत नाही. अशा रानात रोटाव्हेटरने कुट्टी करून गाडलेले पऱ्हाटीचे तुकडे पुढच्या पेरणीला जसेच्या तसे वर येतात आणि कुजू लागतात तेव्हा पिकाच्या वाट्याचा नत्र ओढून घेतात. ज्यांच्याकडे विहिरीला पाणी आहे त्यांनी कुट्टी जरूर गाडावी. परंतु मराठवाड्यातील बहुतांश कापूस पावसाच्या भरवशावर असल्याने सर्वांना एकच सल्ला देता येत नाही.

याला गुलाबी बोंडअळीची बाजू जोडली की पऱ्हाटी रानातून बाहेर काढण्याचे कारण आणखी बळकट होते. २०१७ च्या हंगामात बीटी कपाशीतही या अळीने जो घात केला तो येथील कोणी शेतकरी विसरलेला नाही. हंगाम संपला की ही अळी उरलेल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत जाते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही आणखी वेचणीसाठी राखलेली कपाशी, ठेवली की तिला खाद्य मिळत राहते आणि चुलीसाठी म्हणून बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत ती पुढचा पावसाळा गाठते. डिसेंबर-जानेवारीत कपाशी संपवा, गंजी लावू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. शेतकरी मात्र विचारतो, की मग ती न्यायची कुठे? चुलीची गरज बरीच घटली आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आल्यानंतर गावोगावी गॅसच्या टाक्या पोहोचल्या आणि तुराट्यांचे कूडही पत्र्यांपुढे मागे पडले. जुने गिऱ्हाईक गेले आहे, नवे अजून आलेले नाही. मधल्या पोकळीत जाळ पेटत आहेत.

या पऱ्हाटीचे काय होऊ शकते, हे शोधण्याचे काम आपल्याकडे बरेच झाले आहे. मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासून कापसावर काम करते. तिने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, कांडी कोळसा (भुसा दाबून केलेल्या इंधनाच्या कांड्या, म्हणजे ब्रिकेट) आणि इंधनाच्या गोळ्या बनवण्याचे तंत्र सिद्ध केले आहे. देशात दरवर्षी सुमारे अडीच ते तीन कोटी टन पऱ्हाटी निघते, असा अंदाज आहे आणि महाराष्ट्रात कापसाखाली चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास क्षेत्र असते, तेव्हा त्यातला मोठा वाटा आपलाच आहे. वाळलेल्या पऱ्हाटीच्या एका किलोत साधारण ३५०० ते ४००० किलोकॅलरी उष्णता असते. आपल्या औष्णिक केंद्रांत येणाऱ्या देशी कोळशाची उष्णताही याच्या फारशी पुढे नाही. शिवाय कांडी बांधताना डिंक लागत नाही. दाबाखाली तापलेला भुसा मऊ होतो, त्यातले लिग्निन चिकट होते आणि थंड होताच कांडी घट्ट धरून ठेवते. जे लिग्निन कुजण्याच्या आड येते तेच येथे कामाला येते. लातूरच्या डाळमिल आणि तेलगिरण्या, जालन्याचे कारखाने, सगळ्या पट्ट्यातल्या वीटभट्ट्या यांना उष्णता हवीच असते. तिच्यासाठी दूरच्या कोळशावर विसंबण्यापेक्षा पन्नास किलोमीटरच्या आतली पऱ्हाटी वापरणे व्यवहाराला धरून आहे.

इथेनॉलचा मार्ग मला मराठवाड्यासाठी योग्य वाटत नाही आणि याचे कारण तंत्रातील दोष हे नाही. पानिपतला १० ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झालेला दुसऱ्या पिढीतील इथेनॉलचा प्रकल्प वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्यासाठी उभारलेला आहे. पेंढा फोडायचा, वाफेने व आम्लाने मऊ करायचा, विकरांनी (एन्झाइमांनी) त्यातल्या सेल्युलोजची साखर करायची आणि मग ती आंबवायची, या प्रत्येक पायरीला पाणी लागते. ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि ज्या परळीचे औष्णिक विद्युत केंद्र २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, त्या प्रदेशाने ओल्या प्रक्रियेवर आपले भवितव्य टांगू नये. पंजाब-हरियाणाचा प्रश्न भाताच्या पराळीचा आहे आणि देशातील बरेचसे धोरण त्याच प्रश्नावर बेतलेले आहे. आपल्याला कोरड्या वाटा धरल्या पाहिजेत, म्हणजे कुट्टी, कांडी, गोळी, बोर्ड आणि कोळसा.

कोरड्या वाटेवरही केवळ जाळण्यावर थांबू नये. सिल्लोड, कन्नड, भोकरदनकडे मक्याची जी बुरकुंडे, म्हणजे दाणे काढलेली कणसे, ढिगाने पडतात त्यांच्यात हेमिसेल्युलोज भरपूर असते आणि त्यापासून फरफ्युरल नावाचे रसायन निघते. रेझिन आणि औद्योगिक द्रावके यांचा तो कच्चा माल आहे. अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीने ओटच्या टरफलांपासून ते १९२२ च्या सुमारास बाजारात आणले, म्हणजे ही विद्या शंभर वर्षांची आहे. कोळशाच्या बाबतीत तर धडा शेजारीच आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, उसाच्या पाचटाचा कोळसा शेतातच करून त्याच्या कांड्या बनवण्याची पद्धत बसवली आणि तिला शाश्वत ऊर्जेसाठीचा २००२ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला. अवजड अवशेष दूर नेण्याऐवजी भट्टीच शेतापर्यंत न्यायची, हा त्यामागील विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो.

कारण सगळ्या प्रश्नाची गाठ वाहतुकीत आहे. ज्या ट्रॉलीत ऊस आठ-दहा टन मावतो तिच्यात सुटी पऱ्हाटी भरली तर फांद्या एकमेकींत अडकून आकाशाला टेकतात आणि वजन जेमतेम एक-दीड टन भरते. म्हणजे आपण डिझेल जाळून हवा वाहून नेतो. कुट्टी केली की तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त माल बसतो आणि कांडी बांधली तर ट्रक वजनाने भरतो. तेव्हा कुट्टीचे यंत्र गावात, कांडीचे यंत्र वीस-पंचवीस किलोमीटरच्या टापूत आणि मोठे गिऱ्हाईक त्यापुढे, अशी साखळी असली पाहिजे.

कांडीच्या यंत्रासाठी नवी जागा शोधण्याचीही गरज नाही, असे मला वाटते. मानवत, सेलू, माजलगाव, जालना या कापसाच्या पेठांत जिनिंग-प्रेसिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे, कारखाने आहेत. ऑक्टोबर ते मार्च ते धडधडतात आणि नंतर आवारे ओस पडतात. तेथे वजनकाटा आहे, वीजजोडणी आहे, ट्रक फिरवण्याएवढे पटांगण आहे, आग विझवण्याची सोय ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परिसरातल्या प्रत्येक कापूस उत्पादकाशी ओळख आहे. पऱ्हाटीचा हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि वाळलेला माल मेपर्यंत येत राहतो. जिनिंगचा हंगाम उतरतो तेव्हा पऱ्हाटीचा चढतो. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने अशा जिनिंगवाल्याशी करार करून त्याच्या आवारात यंत्र बसवले, तर भांडवलाचा मोठा भाग वाचेल.

मोठ्या गिऱ्हाइकाचीही वानवा नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशावर चालणाऱ्या औष्णिक केंद्रांत शेतीच्या अवशेषांच्या गोळ्या मिसळण्याचे धोरण आणले आणि त्याची सुरुवात ५ टक्क्यांपासून ठेवली. परळीत प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. एका युनिट विजेला साधारण ६५० ग्रॅम कोळसा धरला, तर हे तिन्ही संच पूर्ण क्षमतेने चालताना दिवसाला साडेअकरा हजार टनांच्या वर कोळसा खातात आणि त्याचे ५ टक्के म्हणजे पावणेसहाशे टनांच्या घरात जातात. संच साठ टक्के क्षमतेने चालले असे मानले तरी वर्षाला सव्वा लाख टन गोळ्या लागतील. कोरडवाहू रानातून हेक्टरी दीड टन पऱ्हाटी हाती लागते असे धरले, तर ऐंशी हजारांहून अधिक हेक्टरांवरील जाळ एकटी परळी थांबवू शकते. हा माझा कागदावरचा हिशोब आहे आणि पऱ्हाटीच्या राखेतील पालाशाने बॉयलरच्या नळ्यांवर थर चढतो, म्हणून मिश्रणाचे प्रमाण जपून वाढवावे लागते, हेही खरे आहे. तरीही आकड्याचा आवाका लक्षात यावा म्हणून तो मांडला.

आता किमतीविषयी, कारण माझे खरे म्हणणे येथे आहे. औष्णिक केंद्र गोळ्यांचा दर उष्मांकावर ठरवते. दर हजार किलोकॅलरीला इतके रुपये. कारखाना उष्णता विकतो आणि शेतकऱ्याकडून मात्र ट्रॉली विकत घेतो, कधी एकरी ठोक रकमेत उचलतो, कधी ‘रान मोकळे करून देतो’ म्हणून फुकट नेतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात एका ब्रिकेट कारखान्याचा दलाल आला. क्विंटलचा दर ठरला, आमच्या तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, चार एकरांतली पऱ्हाटी उपटून, तीन आठवडे उन्हात वाळवून, ट्रॉलीत भरून दिली. काटा कारखान्यात झाला, पावती दुसऱ्या दिवशी हातात आली आणि तीत ओलाव्यापोटी पाचव्या हिश्श्याचा कडता कापलेला होता. ओलावा कशाने मोजला, असे तात्यांनी विचारले तेव्हा तेथल्या माणसाने एक काडी उचलून हाताने मोडून दाखवली. मजुरी आणि भाडे वजा जाता तात्यांच्या हातात जे उरले ते सांगण्यासारखे नाही. परत येताना ते एवढेच म्हणाले, “पुढच्या साली रानातच पेटवून देऊ. निदान राख तरी आपली राहते.”

हे वाक्य मी अनेकदा मनात घोळवले आहे. तात्या चुकीचे बोलले असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही, कारण जाळलेल्या पऱ्हाटीतला नत्र आणि कर्ब हवेत जात असला तरी पालाश आणि स्फुरद यांचा बराचसा भाग राखेत उरतो आणि तो खरोखरच त्यांच्या रानात राहतो. कारखान्याला दिली तर तोही जातो. म्हणजे त्यांना जो भाव मिळाला त्यात जमिनीतून गेलेल्या अन्नद्रव्यांची किंमत धरलेली नव्हती, ओलाव्याचे मोजमाप प्रामाणिक नव्हते आणि उष्णतेचा तर उल्लेखही नव्हता.

ओलावा मोजणे अवघड नाही. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत बारा टक्के ओलाव्याची अट असते, २०२४ मध्ये ती पंधरा टक्क्यांपर्यंत शिथिल झाली आणि मोंढ्यात यंत्रावरचा आकडा पाहून भांडणारा शेतकरी आता गावागावांत आहे. तेच शिस्तीचे मोजमाप पऱ्हाटीला लागू करावे. उपटल्या दिवशी पऱ्हाटीच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग पाणी असते. जो वाळवून देईल त्याला चढा दर आणि जो ओली देईल त्याला उतरता, हे शेतकऱ्याला सहज पटते. मात्र ते त्याच्या समोर, गावातल्या कुट्टीच्या यंत्रापाशी, मोजले गेले पाहिजे. कोरड्या वजनाचा दर हंगामापूर्वी जाहीर करावा आणि औष्णिक केंद्र किंवा कारखाना ज्या उष्मांकाच्या दराने खरेदी करतो त्याच्याशी तो जोडलेला असावा. गोळ्यांचा दर वाढला तर बांधावरचा दरही वाढेल, अशी तरतूद खरेदीच्या करारातच हवी. सरकारने अनुदान द्यायचेच असेल तर त्याची ही अट असावी. आज अनुदान यंत्राला मिळते आणि पऱ्हाटी उपटणाऱ्या बाईची मजुरी त्याच जागी राहते.

राखेचा प्रश्नही करारातच सोडवावा लागेल. जिनिंगच्या आवारात किंवा डाळमिलच्या बॉयलरमध्ये जळालेल्या पऱ्हाटीची राख त्याच टापूत राहते. माल उतरवून परतणाऱ्या ट्रॉलीत ती मोफत भरून द्यावी. आमच्या काळ्या जमिनी मुळातच विम्लधर्मी असल्याने ती थोडथोडी, उकिरड्याच्या खतात मिसळून टाकावी, एका जागी ओतू नये. जे शेतकरी विकू इच्छित नाहीत, त्यांच्यासाठी कोळशाचा मार्ग मोकळा आहे. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने साध्या पत्र्याच्या पिंपाची भट्टी तयार केली आहे. तीत पऱ्हाटी किंवा तुराटी कमी हवेत भाजली की कोळसा मिळतो. उघड्या जाळात उडून जाणाऱ्या कर्बाचा बराच भाग या कोळशात अडकून जमिनीत वर्षानुवर्षे टिकतो आणि हलक्या, मुरमाड रानात ओल धरून ठेवण्यास मदत करतो. भारी काळ्या रानात त्याचा गुण तेवढा दिसेलच असे नाही, म्हणून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हलक्या, मध्यम आणि भारी अशा तिन्ही रानांत, शेतकऱ्यांच्याच प्लॉटवर, सलग काही हंगाम हे करून दाखवावे.

एक अडचण मी टाळू इच्छित नाही. पऱ्हाटी उपटण्याच्या दिवसांत बीड आणि आसपासच्या तालुक्यांतली असंख्य जोडपी ऊसतोडीला गेलेली असतात आणि गावात हात कमी पडतात. ट्रॅक्टरवर चालणारी उपटणी व कुट्टीची यंत्रे त्यामुळे लागणारच. परंतु ही यंत्रे भाड्याने चालवण्याचे काम बचत गटांना आणि गावातल्या तरुणांना मिळाले, तर कापूस वेचून झाल्यावर संपणारा रोजगार पुढे दोन-तीन महिने गावातच चालू राहील. त्या दिवसांत जी थोडी कुटुंबे फडावर न जाता घरी राहू शकतील, त्यांच्या मुलांची शाळा बुडणार नाही, हा लाभ कोणत्याही उष्मांकात मोजता येत नाही, तरी मी तो हिशोबात धरतो.

वेळापत्रक साधे आहे. संक्रांतीपर्यंत शेवटची वेचणी उरकते. तोवर दर जाहीर झालेला हवा. महाशिवरात्रीच्या आत कुट्टीचे यंत्र गावाच्या शिवारात उभे राहिले पाहिजे, कारण त्यानंतर माणसे वाट पाहत नाहीत; हळद, हरभरा, गहू यांची कामे अंगावर येतात आणि रान मोकळे करण्याची घाई होते. तात्यांची चार एकर कपाशी यंदाही उभी आहे. ओलाव्याचे यंत्र आणि वजनकाटा त्यांच्या बांधापर्यंत आला तर ते पुन्हा एकदा पऱ्हाटी वाळवून द्यायला तयार आहेत, हे मी त्यांना विचारूनच लिहीत आहे.